एमजीएचं मूळ इंजिन रिबिल्ड करू की अ‍ॅम्बॅसॅडरचं टाकू?

तुम्ही लिहिलंय की 1958 ची एमजीए, म्हणजे एमजीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहे, निळा धूर मारते, चढाला दम टाकते, आणि गॅरेजवाला म्हणतोय हे इंजिन गेलंय, अ‍ॅम्बॅसॅडरचं टाकू, निम्म्यात काम होतंय. आमचं कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिन बोरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलेंडर परत कापून द्यायचं दुकान आहे, आधी काकांचं, आता मी बघतो, त्यामुळं मी रिबिल्डच्या बाजूनं बोलणार हे धरूनच वाचा.

गॅरेजवाला काय अगदीच येड्यासारखं बोलत नाहीये. दोन्ही इंजिनं बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी सिरीजची, दोन्ही 1489 सीसी, बोअर (सिलेंडरच्या भोकाची रुंदी) 73 मिलिमीटर, स्ट्रोक (पिस्टनची वरखाली धाव) 88.9, तीन मेन बेरिंग. म्हणून तर जुन्या एमजीत अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन बसवायचा मोह होतो. पण एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर, व्हॉल्व्ह उघडणारा कॅम वेगळा, कॉम्प्रेशन जास्त, त्यामुळं तिथं ते 68-72 हॉर्सपॉवर देतं आणि अ‍ॅम्बॅसॅडरमध्ये पन्नासच्या आसपास. आहे तसं टाकलं की गाडी दिसायला स्पोर्ट्स कार आणि चालायला टॅक्सी.

पण मुळात इंजिन गेलंय हे ठरवलं कुणी? खोललंय का? आमच्याकडे एक एमजीए सांगलीकडनं टेंपोत घालून आलेली, मालकानं अ‍ॅम्बॅसॅडरचं इंजिन सोबतच आणलेलं, रिकंडिशन म्हणून घेतलेलं, वर चकचकीत हिरवा रंग. काकांनी ते आधी रॉकेलनं धुवायला लावलं तर रंगाखालनं एमसीलचा पट्टा निघाला आणि त्याच्याखाली वॉटर जॅकेटला, म्हणजे सिलेंडरभोवतीच्या पाण्याच्या कप्प्याला, वीतभर क्रॅक. मग मूळ इंजिनाचं हेड काढलं. काकांनी झीज मोजायचं डायल गेज लावायच्या आधी बोअरच्या वरच्या काठाखाली नख फिरवलं, कडेला अडकलं, म्हणाले, "रिंगांनी घर केलंय, पण ब्लॉक जिवंत हाय." सहा थाऊ झीज निघाली (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग). वीस थाऊ ओव्हरसाईज बोर मारला, क्रँक दहा थाऊ ग्राइंड केला, हेड प्लेन केलं, झालं. नंतर तीच गाडी पन्हाळ्याच्या चढावर मी स्वतः चालवली, आणि खरं सांगतो, खाली उतरू वाटेना.

म्हणून आधी कॉम्प्रेशन बघा. चारही सिलेंडरचं घ्या, मग प्रत्येकात चमचाभर ऑइल सोडून परत घ्या. आकडा वाढला तर रिंगा-बोअर, नाही वाढला तर व्हॉल्व्ह, आणि शेजारशेजारच्या दोनच सिलेंडरचे आकडे पडलेले असतील तर हेड गॅस्केट, म्हणजे कदाचित रिबिल्डसुद्धा लागायचं नाही. धूर फक्त सकाळी स्टार्ट करताना येत असेल तर व्हॉल्व्ह गाइड बघा. ब्लॉकची प्रेशर टेस्ट मात्र करून घ्याच. बोअर शेवटच्या साईजला गेला असला तरी लायनर, म्हणजे आतून नवी नळी, घालता येतो, म्हादबा मेस्त्रींसारख्या नामी कारागिराच्या कोल्हापुरात ते काम करणाऱ्यांची काय कमी नाही. ब्लॉक दोन सिलेंडरच्या मध्ये फुटलेला असेल किंवा रॉड बाहेर आलेला असेल तरच दुसरं इंजिन बघा, तेही बी सिरीजचंच, आणि मूळ ब्लॉक भंगारात घालू नका, ग्रीस लावून गोणपाटात गुंडाळून ठेवा.

कागदाचं कुणी सांगत नाही. आरसी बुकावर इंजिन नंबर असतो, बदललं की आरटीओच्या फेऱ्या आल्या. आणि जुलै 2021 च्या व्हिंटेज नियमात पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नव्या नोंदणीची फी 20,000, पण अट अशी की गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नको. निम्म्या पैशात करायला जाल आणि तो नंबर हातचा घालवाल.

हेड उतरवणारच असाल तर एक्झॉस्टला हार्ड व्हॉल्व्ह सीट बसवून घ्या. 2000 साली शिशाचं पेट्रोल बंद झालं, ही जुनी बिडाची सीट त्या शिशावर टिकायची. आणि पेट्रोलचे रबरी पाइप इथेनॉल चालणारे घाला, आपल्याच उसाचं असलं म्हणून काय झालं, जुनं रबर खातंयच. चार आकडे मिळाले की इथं टाका, मग बघू.