पंचवीस वर्षं गाडी चालवणाऱ्याला एबीएस कशाला लागतं?

तुम्ही विचारलंत, वडिलांच्या नव्या मोटरसायकलला एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, हवी का. तुमचे वडील म्हणतात, हात तयार आहे, एबीएस नवशिक्यांसाठी. टॉवेलच्या ऑर्डरी घेत सोलापूर, अक्कलकोट, तुळजापूर फिरताना मीसुद्धा वीस वर्षं हेच म्हणायचो.

अनुभव कामाला येतो तो ब्रेकच्या आधी. उसाच्या हंगामात ट्रॅक्टर शेतातून डांबरीवर चढतो तिथं चाकांची काळी माती सांडलेली असते. कोरडी असेल तर ढेकळं, चार थेंब पडले की साबण. माहीतगार माणूस लांबूनच ती माती हेरतो आणि ॲक्सिलरेटर सोडतो. हे काम कुठला सेन्सर करत नाही.

पण गेल्या पावसाळ्यात होटगी रोडला डिव्हायडरमधून कुत्रं आडवं आलं. मी ब्रेक करकचून आवळला. ‘हळूहळू दाब वाढवायचा’ वगैरे शहाणपण आठवायला वेळच नव्हता. लिव्हर बोटाखाली थरथरलं, पण पुढचं चाक फिरत राहिलं आणि गाडी सरळ उभी राहिली. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीवर असाच ब्रेक मारून सात रस्ता चौकात आडवा झालो होतो. कोपराचा वण अजून आहे. माणूस तोच, घाबरल्यावर बोटंही तीच.

आत होतं ते एवढंच: चाकाला एक रिंग असते, सेन्सर तिच्यावरून चाकाचा वेग धरतो. चाक जाम होतंय असं दिसलं की ब्रेकचा दाब क्षणभर सोडायचा, परत धरायचा, असं सेकंदात कित्येकदा. कितीही तयार हात असला तरी हे जमायचं नाही.

वडील १२५ सीसीच्या वरची नवी गाडी घेणार असतील तर वादच मिटला, एप्रिल २०१९ पासून त्यात एबीएस सक्तीचं आहे. फक्त सिंगल चॅनल की ड्युअल ते विचारा. सिंगलमध्ये पुढचंच चाक सांभाळलं जातं, मागचं घसरू शकतं. सुट्या खडीवर एबीएसने गाडी उलट जरा लांब जाऊन थांबते. आणि तुळजापूरच्या घाटात गाडी कलवून ब्रेक दाबला, तर साधं एबीएस फार वाचवत नाही. तिथं वळणाच्या आधीच वेग उतरवायचा, म्हणजे परत वडिलांचाच अनुभव.

माझं एकदा पंक्चर काढल्यावर एबीएसचा पिवळा दिवा जाईना. आठ दिवस तसाच हिंडलो. सेन्सरची वायर ताणली गेली होती. ब्रेक नेहमीसारखा लागतो, म्हणून एबीएस बंद आहे हे कळतच नाही. गाडी थोडी पुढं गेली की दिवा विझला पाहिजे, नाहीतर दाखवून घ्या.

आणि गाडी आली की सुट्टीच्या दिवशी वडिलांना अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आतल्या मोकळ्या रस्त्यावर न्या, तीसच्या वेगात दोन-तीनदा जोरात ब्रेक मारायला लावा. लिव्हर पहिल्यांदा थरथरतं तेव्हा जुना चालवणारा काहीतरी तुटलं समजून पटकन हात सोडतो. मीपण सोडला होता.