खाणपट्ट्यातलं पाणी, धूळ आणि रानातले जीव : शेतकऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरं

भद्रावती, राजुरा आणि वणी तालुक्यांतल्या कोळसा खाणींलगतच्या गावांतून आलेले प्रश्न वरवर वेगवेगळे आहेत. कुणाच्या नाल्यात मासोळ्या मेल्या, कुणाच्या पऱ्हाटीवर काळी धूळ बसते, कुणाच्या वावरात खाणीतून काढलेल्या मातीच्या ढिगाऱ्यावरून रानडुकरं उतरतात. मला हे एकच दुखणं वाटतं. जे पाणी आणि जी धूळ रानातल्या जिवांना आधी लागते, तीच पुढे आपल्या बैलाला आणि पिकाला लागते. म्हणून उत्तरं एकत्र देतो.

खाणीतून उपसलेलं पाणी नाल्यात येतं. काठाला तांबूस गाळ बसतो, बेडकं दिसेनाशी झाली, मासोळ्या मेल्या. हे पाणी हरभऱ्याला द्यावं का? बैलांना पाजावं का?

तपासल्याशिवाय दोन्ही करू नका. कोळशाच्या थरात आणि त्यावरच्या दगडात पायराइट नावाचं लोह-गंधकाचं खनिज असतं. खाण खोदली की त्याला हवा-पाणी लागतं, गंधकाम्ल तयार होतं आणि लोह सुटतं. तुम्हाला दिसतो तो तांबूस साका बहुधा याच लोहाचा. तो माशांच्या कल्ल्यांवर आणि बेडकांच्या अंड्यांवर बसला की त्यांचा श्वास कोंडतो. बेडूक कातडीतूनही श्वास घेतो, त्यामुळे पाण्यातला बिघाड त्याला लवकर भोवतो. नाल्याकाठी पावसाळ्यात बेडकांचा आवाज नसेल, तर त्याची दखल शेतकऱ्याने घ्यायलाच हवी. मेलेल्या मासोळ्या खाऊ नका, कोंबड्यांनाही टाकू नका.

पाणी नितळ आहे म्हणून चांगलं, असंही धरू नका. कित्येक खाणींचं पाणी आम्ल नसतं, दिसायला स्वच्छ असतं, पण त्यात सल्फेट आणि क्षार जास्त असतात. जास्त सल्फेटचं पाणी जनावर रोज प्यालं तर पातळ शेण पडतं, शिवाय अंगात तांबं नीट शोषलं जात नाही. मग केसांची रया जाते, गाय वेळेवर माजावर येत नाही. चितळ आणि रोही (नीलगाय) उन्हाळ्यात आजूबाजूचे पाणवठे आटले की खाणीच्या खड्ड्यावरच उतरतात, आणि त्यांची लक्षणं बघायला कोणी नसतं. तुमच्या गोठ्यात दिसेल ते तारखेसह लिहून ठेवा. जनावरांच्या दातांवर पिवळे-तपकिरी डाग असतील तर मात्र दोष लगेच खाणीवर टाकू नका. चंद्रपूर आणि यवतमाळ जिल्ह्यांत काही ठिकाणी खडकातूनच विहिरीच्या पाण्यात फ्लोराइड उतरतं. विहिरीचं पाणीही सोबत तपासून घ्या.

नमुना असा घ्या. एक लिटरची स्वच्छ बाटली त्याच पाण्याने तीनदा खंगाळा, काठोकाठ भरा, गावाचं नाव, गट नंबर आणि तारीख लिहा आणि दुसऱ्या दिवसाच्या आत प्रयोगशाळेत पोहोचवा. कृषी सहायकाला सोबत घेतलं तर उत्तम. सामू (पीएच, म्हणजे पाणी किती आम्ल हे सांगणारा आकडा) साडेसहा ते साडेआठच्या बाहेर असेल, किंवा विद्युतवाहकता (पाण्यात क्षार किती हे दाखवणारं माप) २.२५ डेसीसायमन प्रति मीटरच्या वर असेल, तर ते पाणी काळ्या जमिनीत सोडू नका. आपल्या भारी जमिनीत निचरा कमी असतो, क्षार खाली जात नाहीत आणि वावर दोन-चार वर्षांत चोपण, म्हणजे क्षाराने कडक आणि नापीक होऊ लागतं. मासे मेल्याची लेखी तक्रार फोटोंसह प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात द्या आणि पोच घ्या.

रस्त्यावरच्या कोळशाच्या ट्रकांची धूळ तुरीवर बसते. फुलं येतात, पण मधमाश्या कमी दिसतात.

पानावर धूळ बसली की ऊन कमी पोहोचतं आणि पानाची छिद्रं बुजतात. फुलं काजळली की मधमाशीही कमी फिरकते. कळी धरण्याआधी स्वच्छ पाण्याने पंपाचा हलका फवारा मारून पानं धुवा. फुलोऱ्यात पाणी मारू नका. कीटकनाशक मारायचंच असेल तर सूर्यास्ताच्या सुमारास मारा, माश्या तेव्हा परतलेल्या असतात. रस्त्याकडच्या धुऱ्यावर करंज, कडुनिंब आणि बांबूच्या दोन-तीन ओळी लावा. त्या वाढायला वेळ लागतो, म्हणून याच पावसाळ्यात सुरुवात करा. चारा झटकून, शक्य तर धुऊन घाला.

ढिगाऱ्यावरून डुकरं आणि रोही येतात. तारेत करंट सोडावा का?

नाही. ही गोष्ट मी फार कळकळीने सांगतो. जुन्या मातीच्या ढिगाऱ्यांवर विलायती बाभळीचं दाट रान माजलं आहे. तिथे माणूस फिरत नाही, म्हणून डुकराला दिवसभर लपायला जागा मिळते. खाणीने जंगलाचे तुकडे झाले, सुरुंगाचा हादरा आणि रात्रीचे दिवे यांनी जनावरांच्या वाटा बदलल्या, आणि जवळचं खाणं म्हणजे आपलं पीक. डुकरामागे बिबट आणि वाघही ढिगाऱ्यावर येतो. ताडोब्याच्या आसपासच्या खाणपट्ट्यात हे सगळे जाणतात. थेट विजेची तार डुक्कर, वाघ आणि पहाटे पाणी द्यायला गेलेला तुमचा मुलगा यांत फरक करत नाही. असे मृत्यू विदर्भात झाले आहेत. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार तो गुन्हाही आहे. थिमेट (फोरेट हे जहाल कीटकनाशक) टाकून ठेवण्याचा विचारही मनात आणू नका. त्या औषधाच्या विक्रीवरच २०२० अखेरपासून बंदी आहे.

सौर कुंपण वेगळं. त्यात झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. बफरमधल्या, म्हणजे व्याघ्र प्रकल्पाभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांना वनविभागाच्या योजनेतून त्यासाठी अनुदान मिळतं, ग्राम परिस्थितिकी विकास समितीत विचारा. ढिगाऱ्याकडच्या पट्ट्यात दाट तूर किंवा ज्वारी नको, तिथे दडायला जागा होते. जागलीला एकट्याने जाऊ नका. नुकसान झालंच तर तीन दिवसांच्या आत वनरक्षकाकडे अर्ज द्या आणि पंचनामा होईपर्यंत वावर नांगरू नका. वाघ-बिबट्याने तुमचं जनावर मारलं असेल तर ४८ तासांच्या आत कळवा, मढं हलवू नका.

धुऱ्यावर दोन मोर मेलेले सापडले. खाणीच्या पाण्यामुळे का?

पेरणीचे दिवस असतील तर औषध लावलेलं बियाणं खाल्ल्यानेही मोर मरतात, म्हणून उघडं पडलेलं बी मातीआड करा. कारण शवविच्छेदनातूनच कळेल. हात लावू नका, पुरू नका, १९२६ या वनविभागाच्या क्रमांकावर फोन करा.