विचारा की! नवा मोबाईल घ्यायचा म्हणजे…

प्रश्न: ताई, आमचं गाव खानापूर तालुक्यात जांबोटीच्या पुढं. मुलगी यंदा पीयूसीला म्हणजे अकरावीला गेली, तिला मोबाईल पायजे, बजेट १५-१६ हजार. बेळगावातली गणपत गल्ली, खडे बाजार सगळं पालथं घातलं. नेटवर बघून ठरवलेला फोन कुठंच नाही, प्रत्येक दुकानात भलताच फोन पुढं करतात आणि ऑफर आजच्या दिवसच आहे म्हणतात. डोकं फिरायची वेळ आली म्हणून विचारालोय, नेमकं बघायचं काय? — एक पालक

उत्तर: दादा, तुमचा वैताग अगदी बरोबर आहे. दुकानात कंपनीचा टी-शर्ट घालून उभी असलेली पोरं बऱ्याचदा दुकानाची नसतातच, त्या त्या कंपनीनं ठेवलेली असतात, आणि त्यांना आपल्याच कंपनीचे सेट खपवायचं टार्गेट असतं. ‘तो स्टॉक नाही, त्यापेक्षा हा भारी’ हे त्यातनंच येतं. त्यांचं पोट त्यावर आहे, त्यांच्याशी भांडू नका, पण पैसे आपले आहेत. पूर्ण मॉडेलचं नाव आणि रॅम-स्टोरेज कागदावर लिहून न्या, कारण नावापुढं नुसतं ‘प्रो’ नाहीतर ‘लाइट’ लागलं तरी आतला फोन वेगळा असतो. आणि आधी दुकानात फोन करून तोच सेट आहे का विचारा, मगच बस धरा.

डब्यावर ‘१६ जीबी रॅम’ दिसलं तर त्यात खरी किती ते विचारा. ८ खरी आणि ८ स्टोरेजमधनं उसनी घेतलेली, असं या किमतीत सर्रास असतं, आणि उसनी रॅम खऱ्या रॅमची बरोबरी करत नाही. मागं तीन-तीन गोल दिसतात त्यातला कामाचा कॅमेरा पुष्कळदा एकच, मुलीला नोट्सचे फोटो काढायला तेवढा पुरे. त्यापेक्षा सिक्युरिटी अपडेट किती वर्षं मिळणार हे विचारा, पीयूसीची दोन वर्षं आणि पुढं डिग्रीची तीन, एवढा काळ तो फोन चालायला हवा.

तुमच्या गावासाठी सगळ्यात मोठी गोष्ट काउंटरवर कुणी काढत नाही, ती म्हणजे बँड, म्हणजे सिमचं नेटवर्क ज्या लहरींवर येतं तो पट्टा. ७०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतनं आत पोचतात, त्यामुळं रानातल्या गावांना त्यांचा उपयोग जास्त. जिओचं ५जी एन२८ म्हणजे ७०० च्या बँडवर आणि एन७८ या दुसऱ्या बँडवर चालतं. आधी गावात कुठल्या सिमला रेंज आहे ते शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा, मग त्या सिमचे बँड फोनमध्ये आहेत का ते कंपनीच्या वेबसाइटवर मॉडेल टाकून बघा. खडे बाजारात फुल रेंज दाखवली म्हणून जांबोटीपुढं मिळेलच असं नाही.

आता पैशाचं. ‘झिरो टक्के ईएमआय’ म्हटलं की हप्त्याच्या आकड्यावर भुलू नका, तिथंच त्यांच्या पेनानं बेरीज करायला लावा. समजा फोन १६,००० चा, डाउन पेमेंट ४,०००, मग १,५०० चे ८ हप्ते, इथंवर बरोबर १६,००० च झाले. पण त्यात ५०० फाइल चार्ज आणि न विचारता घातलेला ९०० चा इन्शुरन्स धरला की झाले १७,४००, आणि रोख दिल्यावर जी सूट मिळाली असती ती गेली ती वेगळीच! इन्शुरन्स नको असेल तर सही करायच्या आधीच स्पष्ट सांगा. हे असं गुपचूप घालणं मला अजिबात पटत नाही, शेतीच्या पैशातनं फोन घेणाऱ्याला १,४०० रुपये म्हणजे थोडे नव्हेत.

डबा फोडायच्या आधी सील बघा, डब्यावरची एमआरपी आणि तयार झाल्याचा महिना वाचा. फोन चालू झाला की स्टार हॅश शून्य सहा हॅश डायल करा, १५ आकडी आयएमईआय नंबर, म्हणजे त्या फोनचा ओळख नंबर येतो, तो फोनवर, डब्यावर आणि बिलावर एकच पाहिजे. घाई करणाऱ्याला थांबवा, कारण एकदा डबा फुटला की दुकानदार बहुतेक वेळा सर्व्हिस सेंटरचा रस्ता दाखवतो.

प्रश्न: ताई, आम्ही निपाणीचे. सगळे म्हणतात कोल्हापुरात फोन स्वस्त, कर्नाटकात टॅक्स जास्त. खरं काय? आणि पुढं बिघडला तर कुणाच्या दारात जायचं?

उत्तर: टॅक्सचं म्हणणं चूक आहे. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, दूधगंगेच्या अल्याड तेवढाच आणि पल्याड तेवढाच. फरक पडतो तो दुकानाच्या सुटीचा, एक्स्चेंजचा, बँकेच्या ऑफरचा. निपाणीला बेळगावपेक्षा कोल्हापूर जवळ, तर खुशाल जा, भारतात अधिकृत विकलेल्या फोनची कंपनी वॉरंटी राज्य बघून बदलत नाही. मात्र पक्कं बिल घ्या. ‘बिल नको तर ५०० कमी करतो’ म्हणाले तर सरळ पायऱ्या उतरा, वॉरंटीला आणि तक्रारीला तोच कागद लागतो. दुकानदारानं हात वर केले तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानं आपण राहतो तिथल्या ग्राहक आयोगातही तक्रार करता येते, म्हणजे फोन कोल्हापुरात घेतला तरी तुमची तक्रार बेळगाव जिल्ह्यात चालू शकते, आणि ५ लाखांपर्यंतच्या मालाच्या तक्रारीला फी लागत नाही.

प्रश्न: बेळगावच्या शहापुरातनं लिहितेय. शेजारचा मुलगा त्याचा जुना फोन ७ हजारला देतोय, घेऊ का? आईसाठी पाहिजे, तिला मराठीत मेसेज करायचेत आणि दूधवाल्याला, दवाखान्यात कन्नडमध्ये.

उत्तर: ताई, ओळखीचा असला तरी मूळ बिल मागा. आयएमईआय नंबर काढून इंग्रजी अक्षरांत केवायएम, मग जागा सोडून तो नंबर, असा मेसेज १४४२२ वर पाठवा, चोरीचा म्हणून ब्लॉक केलेला असेल तर कळतं. मुलाला त्याच्या गुगल अकाउंटमधनं बाहेर पडून तुमच्यासमोर रिसेट मारायला लावा, नाहीतर फोन त्याचाच पासवर्ड मागत बसतो. बॅटरी अर्ध्या दिवसात उतरत असेल तर ७ हजार जास्त आहेत, बॅटरी बदलायचा खर्च त्यातनं कमी करायला सांगा.

भाषेचं काम अगदी सोपं. जीबोर्ड कीबोर्डमध्ये मराठी आणि कन्नड दोन्ही घाला, स्पेसबार दाबून धरला की भाषा बदलते. टाइप करायचा कंटाळा आला तर माइक दाबून बोलायचं, दोन्ही भाषांत अक्षरं उमटतात. अक्षराचा आकार सेटिंगमध्ये मोठा करून द्या आणि पहिला मेसेज त्यांच्या हातानंच पाठवू द्या, तुम्ही नुसतं शेजारी बसा.