विचारा, आम्ही सांगतो : पॉटखालची फेरी माणसाने मारायची की कॅमेऱ्याने?

प्रश्न : मी मूळचा नागपूरचा, सध्या ओडिशातल्या एका अ‍ॅल्युमिनिअम स्मेल्टरमध्ये इन्स्ट्रुमेंटेशन विभागात आहे. आमच्याकडे पॉटच्या (विजेच्या प्रवाहाने अ‍ॅल्युमिनिअम काढायच्या भट्टीच्या) शेलचं, म्हणजे बाहेरच्या पोलादी कवचाचं, तापमान आजही माणूस हातात तापमान मोजणारी गन घेऊन, पॉटखालच्या तळघरात फिरून मोजतो. वरिष्ठांना ड्रोन हवेत, मला पक्के बसवलेले कॅमेरे. काय योग्य? आणि ही फेरी मारणाऱ्या कंत्राटी कामगारांचं पुढे काय?
– एक वाचक

उत्तर : माझी उमेदीची सगळी वर्षं पॉटरूमच्या देखभालीत गेली, त्यामुळे तुमच्या प्रश्नाने मी थेट त्या तळघरातच जाऊन पोचलो. माझं मत स्पष्ट आहे : ड्रोन नको. नव्या पॉटलाइनमधून, म्हणजे एकापुढे एक जोडलेल्या पॉटच्या रांगेतून, साडेतीन लाख अँपिअरच्या आसपास प्रवाह अखंड वाहत असतो. त्या चुंबकीय क्षेत्रात ड्रोनचं होकायंत्र भरकटतं, छताखाली जीपीएसचाही भरवसा नाही, आणि बसबारच्या, म्हणजे प्रवाह वाहून नेणाऱ्या धातूच्या जाड पट्ट्यांच्या, जंजाळात तो आदळला तर नवीनच संकट. पक्के कॅमेरे, किंवा रुळावरून पॉटखाली सरकणारा एक थर्मल (उष्णता टिपणारा) कॅमेरा, हाच मार्ग धरा.

ही तपासणी यंत्राकडे द्यायलाच हवी, याचं कारण माणसाच्या डोळ्यात आहे. पोलादी शेल अंधारातसुद्धा लालसर दिसू लागतं ते साधारण ५०० अंशांच्या पुढे. म्हणजे फेरीवाल्याला लाल डाग दिसतो तेव्हा आतलं अस्तर बरंच खाल्लं गेलेलं असतं, आणि ९६० अंशांचा बाथ (पॉटमधलं वितळलेल्या क्षारांचं द्रावण), त्याखालचा वितळलेला धातू बाहेर फुटायला फार वेळ उरत नाही. अशा पॉटखाली माणसाला उभं करणं मला कधीच पटलं नाही. कॅमेरा तोच डाग शंभर-दीडशे अंश आधी पकडतो. तेवढ्या अवधीत शेलवर हवेचा झोत लावून आतल्या बाजूने बाथ गोठवता येतो.

पण कॅमेऱ्याचा आकडा जसाच्या तसा खरा मानू नका. चकचकीत अ‍ॅल्युमिनिअम बसबार प्रत्यक्षात असतो त्यापेक्षा कितीतरी थंड दिसतो. जिथे मोजायचं तिथे उष्णता सोसणाऱ्या काळ्या, मॅट रंगाचा पट्टा मारून घ्या. बसबारच्या जोडाचं खरं दुखणं मात्र मिलिव्होल्टमध्येच कळतं. जोडाच्या दोन्ही बाजूंचा व्होल्टेज-ड्रॉप मोजण्याला पर्याय नाही. कॅमेऱ्यासमोर स्वच्छ हवेचा पडदा ठेवा, कारण तिथे फ्लोराइडची धूळ बसते आणि हायड्रोजन फ्लोराइड वायू काचेलाच खातो.

आणखी एक गोष्ट, आणि ही जिवावरची आहे. एका पॉटवर चार-साडेचार व्होल्टच असतात, पण शेकडो पॉट एका माळेत जोडलेले असल्याने जमिनीच्या तुलनेत व्होल्टेज शेकडोंत जातं. म्हणून तिथली फरशी, रेलिंग, क्रेनचा हूक, सगळं इन्सुलेटेड ठेवतात. तुमच्या सेन्सरची एखादी अर्थ केलेली तांब्याची केबल आत गेली तर ती सगळी मेहनत वाया. ऑप्टिकल फायबर वापरा, किंवा बॅटरीवरचे वायरलेस सेन्सर.

तापमानाच्या जोडीला धातूच्या नमुन्यातलं लोखंड आणि प्रत्येक कलेक्टर बारमधला (पॉटच्या तळातून प्रवाह बाहेर नेणाऱ्या पोलादी कांबीतला) प्रवाह एकाच पडद्यावर आणा. लोखंड वाढलं की, अस्तर फुटून धातू पोलादापर्यंत पोचला की काय, अशी घाबरगुंडी उडते. पण ते अ‍ॅनोडचे स्टब, म्हणजे वरच्या कार्बनच्या ठोकळ्यांना धरणारे पोलादी खुंट, बाथमध्ये बुडाल्यानेही वाढतं. लोखंड वाढतंय, एका बारचा प्रवाह बदलतोय आणि त्याच बाजूचं शेल तापतंय, असं तिन्ही एकत्र आलं तर पॉट बायपास करण्याची, म्हणजे प्रवाह वळवून तो लाइनमधून काढण्याची, तयारी ठेवा. सुरुवात जुन्या अस्तराच्या पॉटपासून करा. मापनाच्या बाबतीत अडलात तर तुमच्या नागपुरातच, वाडीला, जवाहरलाल नेहरू अ‍ॅल्युमिनिअम संशोधन केंद्र आहे. तिथे बोला.

कंत्राटी कामगारांचा प्रश्न तुम्ही विचारलात, याचा मला फार आनंद झाला. वर्षानुवर्षं फेरी मारलेल्या माणसाला ठाऊक असतं की कोणता पॉट कोणत्या कोपऱ्यात नेहमी तापतो आणि कोणता उगाच भीती घालतो. कॅमेरे कुठे बसवायचे, अलार्मची मर्यादा किती ठेवायची हे त्यांच्यासोबत बसूनच ठरवा, आणि नंतर कंट्रोल रूममध्ये तेच पडद्यासमोर असावेत यासाठी व्यवस्थापनाकडे आग्रह धरा. रात्री तीन वाजता अलार्म वाजला तर तो कोणाच्या फोनवर जाणार, आणि पॉट लाइनमधून काढायचा अधिकार त्या माणसाला आहे का, हे पहिला कॅमेरा बसवण्याआधी लेखी घ्या.