वजनकाटा, सी लायब्ररी आणि पायथन

प्रश्न : दारव्हा तालुक्यातील आमच्या जिनिंगमध्ये कापसाच्या वजनकाट्यासोबत सी भाषेतील लायब्ररी मिळाली आहे. ती पायथनमधून वापरण्यासाठी प्रत्येक फंक्शनचा जोडकोड हाताने लिहावा लागेल काय?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : नाही. डेव्हिड बीझली यांनी १९९५ मध्ये सुरू केलेले स्विग हे साधन हेडर फाइलमधील (लायब्ररीतील फंक्शनांची ओळख देणाऱ्या फाइलमधील) घोषणा वाचून तो कोड स्वतः तयार करते. मात्र पाच-सात फंक्शनांसाठी (आपल्याकडे बहुधा तेवढीच असतील) पायथनसोबत २.५ आवृत्तीपासून येणारे सीटाइप्स हे सी लायब्ररी थेट वापरू देणारे मॉड्यूल मला अधिक सोयीचे वाटते. त्यात परतीचा प्रकार (फंक्शनकडून येणारे उत्तर कशा स्वरूपाचे आहे ते) स्पष्ट न सांगितल्यास तो इंट म्हणजे पूर्णांक धरला जातो, त्यामुळे डबल म्हणजे दशांश स्वरूपात येणारे वजन भलतेच दिसते. लायब्ररीने दिलेली मेमरी कोणी मोकळी करायची, हे मात्र हेडर फाइलवरून कोणत्याच साधनाला कळत नाही; त्यासाठी पुरवठादाराची माहितीपुस्तिकाच पाहावी.