केटी (नॉलेज ट्रान्सफर, आपल्या कामाची माहिती दुसऱ्यांना देणं) देता येत नाही म्हणजे माणूस आपमतलबी का?

"मॅडम, मी खरंच माहिती दाबून ठेवतो का हो?" आयटीतली बरीच मंडळी माझ्याकडे समुपदेशनाला हा प्रश्न घेऊन येतात, अप्रेझलमध्ये "नॉलेज शेअर करत नाही" असं एक वाक्य पडतं आणि मग ते डोक्यात भुंग्यासारखं फिरत राहतं. त्यातलीच एक केस सांगते, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

तिशी ओलांडलेला मुलगा, हिंजवडीत नोकरी, एकाच बँकेच्या प्रोजेक्टवर ६ वर्षं. तसाच दुसरा प्रोजेक्ट आला, त्या टीमला केटी दे म्हणून ह्याला २२ जणांच्या कॉलवर बसवलं, सगळ्यांचे कॅमेरे बंद, रेकॉर्डिंग चालू. ह्याने स्लाईड वाचल्या, २० मिनिटांत मोकळा. पुढे महिनाअखेरीला त्या टीमची नाईट बॅच (रात्री सिस्टिमवर आपोआप चालणारी कामं) अडकली, जी ह्याने झोपेतसुद्धा सोडवली असती, आणि खापर ह्याच्या डोक्यावर. मॅनेजर बोलघेवडा, त्याच्या हिशोबाने जो बोलत नाही तो लपवतो.

मी म्हटलं, आठवडाभर कोणाला काय सांगितलंस ते फक्त लिहून आण. ९ नोंदी निघाल्या! टपरीवर चहा पिताना, कोणाच्या डेस्कशी, रात्री ११ ला व्हॉट्सॲपवर. म्हणजे समोर एक माणूस आणि त्याची खरी अडचण असली की हा मस्त बोलतो, गर्दीपुढे मात्र ह्याची दातखीळ बसते.

पण एवढंच नव्हतं. तिसऱ्या भेटीत हळूच म्हणाला, आधीच्या टीम लीडने माझी आयडिया स्वतःच्या नावावर दाखवली, तेव्हापासून थोडा हात आखडतोच मी. बरं झालं बोलला, मी त्याला गोड मुलामा दिला नाही, आखडतोस तर आखडतोस, का ते कळलं ना.

आणि घेणाऱ्यांचं काय? व्यवस्थापनाचे अभ्यासक गॅब्रिएल शुलान्स्की यांनी १९९६ मध्ये ८ कंपन्यांमधली अशी १२२ उदाहरणं तपासली होती, एका विभागातली चांगली पद्धत दुसरीकडे का रुजत नाही म्हणून. देणाऱ्याची इच्छा नाही हे मुख्य कारण निघालंच नाही, घेणाऱ्याला ते पेलत नाही, नेमकं कशामुळे जमतं ते कोणालाच धड माहीत नसतं आणि दोघांचं नातं अवघडलेलं असतं, हे जास्त निघालं. त्या कॉलवरही २१ जण गप्पच होते की, पण शेरा पडला एकट्याला.

मग त्याने मॅनेजरला मेल टाकला (तीनदा माझ्यासमोर खोडून लिहिला), की दोन-दोन जण पाठवा, रेकॉर्डिंग नको, अडकलेली बॅच समोर ठेवून बसू, आणि नंतरच्या नोट्सवर माझं नाव राहू दे. मॅनेजर कुरकुरला, पण हो म्हणाला.

पहिल्याच दिवशी आलेली मुलगी कॉलवर एक अक्षर बोलली नव्हती. इथे तासाभरात तिने १४ प्रश्न विचारले. ह्याने मोजले होते.