ग्रुपवर सगळे, ग्रामसभेत मोजके

गावाच्या आणि शहराच्या कारभारात नागरिकांचा सहभाग वाढवण्यासाठी मोबाइल व इंटरनेटचा उपयोग कसा करावा, याविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी ज्यांची उत्तरे इतरांनाही उपयोगी पडतील अशी पत्रे येथे घेतली आहेत. पत्रलेखकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमच्या गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये जवळजवळ प्रत्येक घरातले कोणी ना कोणी आहे. ग्रामसभेला मात्र चाळीस-पन्नास माणसे येतात आणि सभा तहकूब करावी लागते. ग्रुपवरच विषय मांडून, मतदान घेऊन ठराव मंजूर करावेत, असा तरुणांचा आग्रह आहे. हे कायद्यात बसते का? (एक उपसरपंच, सोलापूर जिल्हा)

उत्तर : बसत नाही, आणि बसू नये असेच माझे मत आहे. ग्रामसभा ही गावाच्या मतदार यादीत नाव असलेल्या सर्वांची सभा आहे. तिची रीतसर सूचना द्यावी लागते, तिला अध्यक्ष लागतो, एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100 यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी गणपूर्ती लागते आणि तिचे इतिवृत्त लिहावे लागते. ग्रुपवर अंगठा दाखवणारा माणूस गावचा मतदार आहे की नोकरीनिमित्त कायमचा बाहेर गेलेला, यादीत नाव नसलेला भाऊबंद आहे, हे कोणी तपासत नाही. दुसरी गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. ज्याचे नाव घरकुलाच्या यादीतून वगळले गेले तो माणूस सभेत उभा राहून सगळ्यांसमोर ती यादी वाचायला लावू शकतो आणि उत्तर मिळेपर्यंत खाली न बसण्याची त्याला मुभा असते. ग्रुपवर तोच प्रश्न टाकला, तर दहा मिनिटांत त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छा येऊन पडतात आणि प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो.

तहकुबीचा उल्लेख आपण केला आहे, म्हणून स्पष्टच लिहितो. तहकूब झालेली सभा पुन्हा भरवताना गणपूर्तीची अट राहत नाही. त्यामुळे पहिली सभा तहकूब करायची आणि नंतर आठ-दहा जणांत ठराव उरकायचे, ही रीत पुष्कळ गावांच्या अंगवळणी पडली आहे. आपल्या तरुणांना खरोखर काही बदलायचे असेल, तर त्यांनी आपली ताकद पहिल्याच सभेला शंभर माणसे आणण्यासाठी लावावी. त्यांच्या हातातला फोन सभेच्या आधीच्या आठवड्यात आणि सभेनंतरच्या तीन महिन्यांत सर्वाधिक कामाचा आहे.

आधीच्या आठवड्यात काय करायचे, ते सांगतो. “दिनांक 2 ऑक्टोबर रोजी सकाळी 11 वाजता ग्रामसभा आयोजित केली असून सर्व ग्रामस्थांनी उपस्थित राहावे” अशी सूचना फलकावर लागते आणि तिचाच फोटो ग्रुपवर येतो. ती वाचून आपले त्यात काही अडले आहे असे कोणालाही वाटत नाही. त्याऐवजी सरपंचांनी स्वतःच्या आवाजात, गावच्या बोलीत अर्ध्या मिनिटाचा निरोप टाकावा : “पाण्यासाठी आलेल्या पैशातून जुनी टाकी दुरुस्त करायची की वरच्या वस्तीपर्यंत पाइपलाइन न्यायची, हे या सभेत ठरणार आहे. वरच्या वस्तीने आले पाहिजे.” या निरोपाने कोणाला यायचे आणि कशासाठी यायचे, हे दोन्ही कळते. सोबत आकडेही द्यावेत. केंद्र सरकारच्या ई-ग्रामस्वराज पोर्टलवर, जे 24 एप्रिल 2020 रोजी सुरू झाले, प्रत्येक पंचायतीचा विकास आराखडा आणि खर्च कोणालाही पाहता येतो. पंधराव्या वित्त आयोगाने 2021 ते 2026 या काळासाठी दिलेल्या निधीत 60 टक्के रक्कम पिण्याचे पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिलेली होती व उरलेली 40 टक्के गावाच्या गरजेप्रमाणे वापरता येत होती. आपल्या गावात ती कशावर गेली, हे दोन मुले एका संध्याकाळी बसून काढू शकतात. ते एका पानावर मोठ्या अक्षरांत लिहून ग्रुपवर टाकावे, आणि चावडी, दूध संकलन केंद्र व पिठाची गिरणी येथे चिकटवावे.

सभेनंतर प्रत्येक ठरावाचा क्रमांक, मंजूर रक्कम, जबाबदार व्यक्ती आणि मुदत ग्रुपवर टाकावी आणि पुढच्या सभेची सुरुवात त्याच यादीच्या वाचनाने करावी. मागच्या ठरावाचे काय झाले याचे उत्तर सभेत मिळते, हे एकदा लोकांना दिसले की माणसे जमवण्याची ओढाताण बरीच कमी होते.

प्रश्न : आमच्या बचत गटातील बहुतेक बायकांकडे साधा फोन आहे. मोठा फोन मुलाकडे किंवा मालकांकडे असतो. सगळ्या सूचना आता मोबाइलवरच येतात, म्हणून आम्हाला सभा होऊन गेल्यावर कळते. आम्ही काय करावे? (बचत गटाच्या अध्यक्षा, जालना जिल्हा)

उत्तर : ताई, तुमची तक्रार अगदी रास्त आहे आणि ती केवळ तुमच्या गावाची नाही. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील 57.1 टक्के पुरुषांनी कधी ना कधी इंटरनेट वापरल्याचे आढळले. स्त्रियांमध्ये हे प्रमाण 33.3 टक्के होते, आणि ग्रामीण स्त्रियांमध्ये त्याहूनही कमी. स्वतः वापरता येईल असा फोन असणाऱ्या स्त्रियाच 53.9 टक्के होत्या. म्हणजे जी पंचायत केवळ ग्रुपवर सूचना देऊन थांबते, ती अर्ध्या गावाला न कळवताच सभा घेते.

तुमच्या हाती कायद्याने एक चांगली गोष्ट दिली आहे. महाराष्ट्रात नियमित ग्रामसभेआधी महिलांची सभा घेणे बंधनकारक आहे. पुष्कळ ठिकाणी ती सह्या घेऊन कागदोपत्री होते, म्हणून तिची तारीख पंचायतीकडे लेखी मागा आणि अर्जाच्या प्रतीवर पोहोच घ्या. दवंडी आणि मंदिरावरचा किंवा पंचायतीचा भोंगा बंद करू नका, असा ठराव त्या महिला सभेतच मांडा. गटातल्या ज्या दोघी-तिघींकडे मोठा फोन आहे, त्यांनी आलेला निरोप साध्या फोनवर कॉल करून पुढे पोचवायचा, अशी दहा-दहा घरांची वाटणी करून घ्या. बचतीचे हप्ते गोळा करताना तुम्ही ही साखळी चालवताच. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखे सामुदायिक रेडिओ केंद्र ज्या भागात ऐकू येते, तेथे ग्रामसभेच्या तारखा आणि विषय रेडिओवर सांगण्याची विनंती केंद्राला करता येते. रेडिओ चुलीपाशी काम करताना ऐकता येतो आणि त्यासाठी कोणाकडे फोन मागावा लागत नाही.

प्रश्न : मेळघाटातील आमच्या पाड्यांवर लोक कोरकू बोलतात आणि नेटवर्क टेकडीवर गेल्याशिवाय मिळत नाही. अशा ठिकाणी ॲपचा आग्रह धरणे योग्य आहे का? (एक शिक्षक, धारणी तालुका)

उत्तर : हजेरी, हक्क किंवा पैसा ॲपवर अवलंबून ठेवणे योग्य नाही. मनरेगाचा अनुभव ताजा आहे. वैयक्तिक लाभाची कामे सोडून बाकीच्या सर्व कामांवर 1 जानेवारी 2023 पासून मजुरांची हजेरी दिवसातून दोनदा, फोटोसह, ॲपवरच नोंदवणे बंधनकारक झाले. हेतू पारदर्शकतेचा होता. पण नेटवर्क नसल्यामुळे फोटो चढले नाहीत आणि दिवसभर राबूनही मजुरी बुडाली, अशा तक्रारी देशाच्या अनेक भागांतून आल्या. यंत्र चालले नाही तर नुकसान कोणाचे होते, हा प्रश्न ॲप लागू करण्यापूर्वी विचारायला हवा होता.

उलट दिशेने चाललेले एक काम आपल्या शेजारीच झाले आहे. छत्तीसगडमध्ये 2010 च्या सुमारास सुरू झालेल्या सीजीनेट स्वरा या सेवेत साध्या फोनवरून एका क्रमांकावर कॉल करून आपले म्हणणे गोंडीत किंवा हिंदीत ध्वनिमुद्रित करता येत असे, आणि ते तपासून इतरांना ऐकण्यासाठी उपलब्ध केले जाई. हातपंप बंद आहे, मजुरी थकली आहे, शाळेत शिक्षक येत नाहीत, असे निरोप लोक स्वतःच्या भाषेत देत, आणि ऐकणारे संबंधित अधिकाऱ्याला फोन करत. त्यात वाचता-लिहिता येण्याची अट नव्हती. आपल्याकडे एवढी व्यवस्था उभी नसली, तरी शाळेतल्या मोठ्या मुलांकडून कोरकूत निरोप ध्वनिमुद्रित करून घेऊन ते आठवडी बाजारात ऐकवणे शक्य आहे. आपला तालुका पेसा क्षेत्रात, म्हणजे आदिवासी भागातील ग्रामसभांना विशेष अधिकार देणाऱ्या कायद्याच्या क्षेत्रात येतो, तेथे पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. ती पाड्यावरच भरवणे हा नेटवर्कच्या अडचणीवरचा सर्वांत साधा उपाय आहे.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे आणि स्क्रीन रीडरच्या साहाय्याने संगणक वापरतो. सरकारी सूचना वेबसाइटवर असतात, पण माझे यंत्र त्या वाचतच नाही. यात माझी चूक आहे का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मुळीच नाही. सूचना छापून, सही-शिक्का मारून, पुन्हा स्कॅन करून चढवली की ती यंत्राच्या दृष्टीने एक चित्र असते. त्यात अक्षरे नसतात, म्हणून वाचण्यासारखे काही उरत नाही. जुन्या मराठी फाइलींची अडचण याहून चमत्कारिक आहे. युनिकोड, म्हणजे सर्व संगणकांना समजणारी अक्षरांची एकच संकेतपद्धती, येण्यापूर्वीच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर पडद्यावर मराठी दिसतो, पण आत रोमन अक्षरे आणि चिन्हे साठवलेली असतात, आणि स्क्रीन रीडर तीच अर्थहीन चिन्हे बोलून दाखवतो. असा मजकूर डोळस माणसालाही शोधता येत नाही, कारण गावाचे नाव टाकून शोधले तर काहीच सापडत नाही.

उपाय खर्चिक नाही. युनिकोडमध्ये टंकलेली मूळ फाइल थेट पीडीएफ करून चढवावी आणि सहीची प्रत हवी असल्यास सोबत ठेवावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या 2016 च्या कायद्याने माहिती सुगम स्वरूपात देण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे, आणि 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क हा घटनेच्या अनुच्छेद 21 मधील जीवनाच्या हक्काचाच भाग मानला. आपण संबंधित कार्यालयाला अर्ज करताना या दोन्हींचा उल्लेख करावा आणि न वाचता आलेल्या दोन-तीन फाइलींची नावे नेमकी द्यावीत. “वेबसाइट सुगम नाही” अशी मोघम तक्रार फाइलला लागून राहते. फाइलचे नाव दिले की कोणाला तरी ती बदलून द्यावी लागते.

प्रश्न : आमच्या महापालिकेच्या ॲपवर खड्ड्याची तक्रार केली. चार दिवसांत ती “निकाली” झाली, खड्डा मात्र तसाच आहे. याला नागरिकांचा सहभाग म्हणायचे का? (एक वाचक, शहराचे नाव न देण्याच्या अटीवर)

उत्तर : तक्रार नोंदवणे ही सहभागाची पहिली पायरी आहे. तक्रार करणाऱ्याला न विचारता ती बंद करण्याचा अधिकार कर्मचाऱ्याला असेल, तर ती पायरीही डळमळीत होते. आपण ठिकाण आणि तारीख दिसेल असा फोटो जोडून तीच तक्रार पुन्हा उघडावी आणि तिच्यावर झालेल्या कार्यवाहीची नोंद माहिती अधिकारात मागावी. त्यासाठी 10 रुपये शुल्क आहे आणि उत्तरासाठी 30 दिवसांची मुदत आहे. काम न करता तक्रार बंद केली असेल, तर त्या नोंदीवर कोणाची तरी सही सापडेल.

पण खड्डा बुजवला का, यापेक्षा रस्त्यासाठी पैसा ठेवला का, हे आधी ठरते आणि तेथे नागरिक पोचत नाहीत. पुण्यात 2006 पासून महापालिकेच्या अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे सुचवण्याचे अर्ज मागवले जातात. पदपथ, दिवे, बाक, बसथांबे अशी छोटी कामे त्यात सुचवता येतात. अर्ज आता ऑनलाइनही भरता येतो, तरी क्षेत्रीय कार्यालयातला कागदी अर्ज चालू राहायला हवा, नाहीतर सुचवलेली सगळी कामे सोसायट्यांच्या दारातली असतील आणि वस्तीतल्या सार्वजनिक नळाची दुरुस्ती कोणीच सुचवणार नाही. शहरांसाठी 2009 मध्ये कायद्यात क्षेत्रसभेची तरतूद झाली. ग्रामसभेचे ते शहरी रूप होते, पण बहुतेक शहरांत अशा सभा भरतच नाहीत. आपल्या नगरसेवकाला ॲपवरच्या तक्रारीबरोबर हाही प्रश्न लेखी विचारा.

प्रश्न : ग्रामसभेचे इतिवृत्त आता कृत्रिम बुद्धिमत्तेने लिहिता येते असे ऐकले. ते ग्राह्य धरावे का? (ग्रामपंचायत सदस्य, सातारा जिल्हा)

उत्तर : केंद्रीय पंचायती राज मंत्रालयाने ऑगस्ट 2025 मध्ये ‘सभासार’ हे साधन आणले आहे. सभेच्या ध्वनिमुद्रणावरून ते इतिवृत्ताचा मसुदा तयार करते आणि त्यात मराठीचीही सोय आहे. मसुदा म्हणून त्याचा जरूर वापर करावा, कारण हाताने लिहिलेल्या इतिवृत्तात विरोधाचे बोलणे सहसा गळते. मात्र एकाच वेळी चौघे बोलतात तेव्हा आणि माणदेशी बोलीत कोणी तावातावाने बोलते तेव्हा यंत्र चुकू शकते. म्हणून सभा संपण्यापूर्वी ठराव मोठ्याने वाचून दाखवावेत, दुरुस्त्या तेथेच कराव्यात आणि मगच सह्या घ्याव्यात. ध्वनिमुद्रण पंचायतीत जपून ठेवावे.

प्रश्न : पारदर्शकतेसाठी लाभार्थ्यांची यादी आधार क्रमांकासह ग्रुपवर टाकली, तर त्यावर आक्षेप आला. आक्षेप योग्य आहे का? (रोजगार सेवक, बीड जिल्हा)

उत्तर : योग्य आहे. आधार क्रमांक जाहीरपणे प्रसिद्ध करण्यास आधार कायद्याच्या कलम 29 ने मनाई केली आहे. बँक खाते, मोबाइल क्रमांक आणि आजाराचा किंवा दिव्यांगत्वाचा तपशीलही ग्रुपवर जाता कामा नये. लाभार्थ्याचे नाव, योजना, मंजूर रक्कम आणि कामाची सद्यःस्थिती एवढी माहिती गावाला तपासण्यासाठी पुरेशी असते. ग्रुपवर टाकलेली यादी आजच काढून टाका, ज्यांनी ती पुढे पाठवली असेल त्यांनाही कळवा आणि सुधारित यादी फलकावरही लावा.